बोट दाखवलेल्या काकड्या

ठाण्याच्या मुलींच्या शाळेतून मला पत्र आलं, त्या दिवशी माझे सासरे परसात काकडीची आळी करत होते. म्हणजे ते खुर्चीवर बसून जागा दाखवत होते आणि आळी मी करत होते. एक्कावन्न सालचा जून. डोंबिवलीला आमचं बैठं घर, मागे विहिरीपर्यंत परसू. भाऊंच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, गुडघ्यांनी दगा दिला होता. हौसेनं मात्र अजिबात नाही.

पत्रात लिहिलं होतं, दिवाळीनंतर चौथीच्या वर्गाला शिक्षिका हवी आहे, सौ. प्रमोदिनी यांचं नाव धरलं आहे, होकार गणपतीच्या आत कळवावा. लग्नाआधी मी दोन वर्षं शिकवलं होतं. वर्गात शिरल्यावर चाळीस मुली एकदम उभ्या राहतात तो आवाज मला भाकऱ्या थापताना आठवायचा. मला ती नोकरी हवी होती. इतकी की पत्र मी पोलक्यात ठेवून झोपले.

भाऊंनी ते दोनदा वाचलं. नाही म्हणाले नाहीत. आमच्याकडे कुणी नाही म्हणतच नसे. म्हणाले, "काकडीचा हंगाम होऊ दे. मग बघू."

'बघू'चा अर्थ सुनेला कोशात शोधावा लागत नाही. माझ्या नवऱ्याला, हरिहरला, मात्र तो अजून कळायचा होता. तो म्हणाला, भाऊ बघू म्हणालेत ना, मग बघतील. आणि डबा घेऊन कचेरीला गेला.

श्रावणात वेल मांडवावर चढले. मांडव भाऊंनी बसल्या बसल्या हात पोचेल एवढाच उंच घालून घेतला होता, त्यामुळे त्याखाली मी सदा वाकलेली. सकाळचा चहा झाला की परसू, दुपारची भांडी झाली की परसू. तण काढा, तणावे सोडवून काठीवर चढवा, अळ्या वेचा. कुंपण कमरेएवढं, फाटकाला धड कडीसुद्धा नव्हती. पण पंधरा पंधरा दिवस मी रस्ता पाहत नसे. घरी कुणी आलं आणि सूनबाई कुठे म्हणून विचारलं की भाऊ कौतुकानं मांडवाकडे हात करत. त्या कौतुकाचा मला संताप यायचा.

पहिली काकडी धरली तेव्हा शेजारच्या गावातून दूध घालायला येणारी आवडाबाई तिथे होती. बोटाएवढी, लव असलेली ती काकडी मी तिला दाखवली, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. "बोट नको दाखवू गो, कुजंल ती." दाखवायचीच तर बोट मुडपून दाखवावी, आणि चुकून सरळ बोट गेलंच तर ते दातांनी चावावं. माझी आईही हेच सांगायची. मी बोट चावलं आणि आवडाबाई समाधानानं गेली.

मग माझ्या डोक्यात आलं. हंगाम झाला की भाऊ बघणार होते ना? मग हंगाम लवकर आटपावा.

दुपारी भाऊ घोरू लागले की मी मांडवाखाली शिरायची आणि एकेका कोवळ्या काकडीवर ताठ बोट रोखायची. चावायची नाही. मॅट्रिक झालेली बाई मी, पण मनापासून दाखवत होते. हीसुद्धा कुज, तीसुद्धा कुज. गोची अशी की बोट दाखवायला काकडी सापडावी लागते. ती सापडायला पान उचलावं लागतं. पान उचललं की अळी दिसते, आणि अळी दिसली की हात काही थांबत नाही. एकही काकडी पानाआड राहिली नाही, एकीलाही किडीनं गाठलं नाही. मांडव लोंबत्या काकड्यांनी भरला. आळीतली माणसं बघायला येऊ लागली. भाऊ सगळ्यांना सांगायचे, "आमच्या सूनबाईच्या हाताला गुण आहे."

गणपतीच्या दोन दिवस आधी त्यांनी मला बारा निवडक काकड्या काढायला सांगितल्या. ठाण्याला ओळखीच्यांकडे ऋषिपंचमीसाठी पाठवायच्या होत्या. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं चालत नाही, परसातलंच लागतं. मी चांगल्यातल्या चांगल्या काढल्या, खाली-वर केळीचं पान घातलं, आणि हरिहर टोपली घेऊन गेला.

संध्याकाळी रिकामी टोपली ओट्यावर ठेवून तो उगाच रेंगाळला. ओळखीचे कोण, विचारलं, तर म्हणाला, शाळेतल्या मोठ्या बाई. भाऊंनी सोबत चिठ्ठी दिलेली. घरच्या व्यापामुळे सूनबाईंना यायला जमणार नाही, दुसरी कुणी पाहावी.

"बाई खूश झाल्या," तो म्हणाला. "विचारत होत्या, बैलाच्या कष्टाचं नाही ना? मी म्हटलं, छे, सगळं हिनंच केलंय."

मी तशीच भाऊंपुढे जाऊन उभी राहिले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्याशी मान वर करून बोलले. "भाऊ, मला ती नोकरी हवी होती."

त्यांनी चष्मा काढला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना खरंच धक्का बसला होता.

"अगं, मग बोलली का नाहीस? जूनपासून एक शब्द नाही. मला वाटलं, तुझं मन इथं रमलंय." त्यांनी परसाकडे पाहिलं. "मन नसताना कुणी अशी बाग करतं का?"

मीही मांडवाकडे पाहिलं. तो मांडव पाहून कुणीही हेच म्हणालं असतं.