पट्ट्याला कळलेली गोष्ट

"मोजताना बोलायचं नाही, आणि घाई तर मुळीच नाही." निवृत्त होताना मोठ्या नर्सबाईंनी मला धाकट्या सिस्टरच्या हाती देत सांगितलेलं अजून कानात आहे.

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायच्या यंत्राचा एक जुना पट्टा आहे. दवाखान्यात माझं फार कौतुक होई. पुढे बटणांची यंत्रं आली आणि मी म्हाताऱ्यांच्या घरी जाणाऱ्या सिस्टरच्या पिशवीत पडलो. देवाने हेही काम चांगलंच दिलं, असं वाटायचं.

मग ते तिसऱ्या मजल्यावरचं घर आलं. मी आजींच्या दंडाला गुंडाळलो की त्या श्वास रोखत. बाहीखाली निळे वळ असत. सिस्टर आजींना विचारी, उत्तर आजोबा देत. "तोल जातो हो तिचा. वयच झालं."

पण जमीन कुणाच्या दंडावर बोटं उमटवत नाही.

डबा पोचवणाऱ्या ताईला डबे भरलेलेच परत मिळत. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून हवालदारबाईही येऊन गेल्या होत्या. प्रत्येकीने आपल्याला दिसलं ते आपल्यापाशीच ठेवलं.

एके दिवशी वळ गळ्यावर दिसले. सिस्टरने जिन्यात ताईला गाठलं, मग दोघींनी हवालदारबाईंना फोन लावला. "मी आजींना आजोबांसमोरच विचारलं," त्या म्हणाल्या. "तिथेच चुकले."

दुसऱ्या सकाळी सिस्टरने मला आधी आजोबांच्या दंडाला बांधलं. ताई डबा घेऊन आजींसोबत आत गेली.

"ही कुठे गेली?"

"बोललात ना आजोबा? चुकलं. आता पुन्हा पहिल्यापासून."

"तुझं मशीनच म्हातारं झालंय."

"तुमच्याहून लहान आहे. गप्प बसा बघू."

ते बसले. माझ्याखाली त्यांची शीर थाडथाड उडत होती. आतलं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून ताईने नळ सोडला होता.

आजी काय म्हणाल्या, ते ताईने जिन्यात सांगितलं. "रात्री तोंडावर उशी दाबली. म्हणाले, पुढच्या वेळी काढणार नाही. दुपारी ते दाढीला खाली जातात, तेव्हा या म्हणाल्या. आम्ही येतो म्हणून शब्द दिलाय."

मित्रांनो, मी कापडाचा, आज ना उद्या विरेन. माझी काळजी नको. पण एकाला विचारलं आणि दुसऱ्यानेच उत्तर दिलं, तर पहिल्याला एकटं गाठून पुन्हा विचारा. आणि जे दिसेल ते एकमेकांना सांगा.

म्हाताऱ्यांच्या निवाऱ्यात आजींसाठी एक खोली झाडून ठेवली आहे. आजोबा आत्ताच न्हाव्याच्या खुर्चीत बसले. हवालदारबाई साध्या साडीत त्या दुकानाबाहेर उभ्या आहेत. वरच्या खिडकीचा पडदा हलत नाही. सिस्टर पिशवी खांद्याला लावते, चपला हातात घेते आणि ताईच्या मागोमाग पहिली पायरी चढते.