किंचाळणाऱ्या पेटीचे यंत्रबाबा

अकराला पाच मिनिटं कमी होती आणि मागच्या खोलीसमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. कार्यालयातले सगळे होतेच, शेजारच्या छापखान्यातली माणसंही पोराबाळांना घेऊन आली होती. दाराला बाहेरून कडी होती. दाराच्या वरच्या भागातल्या काचेतून दिसत होती घरची धाकटी सून, आणि तिच्यासमोर टेबलावर ती पेटी.

पेटी तिनेच बसवलेली. दूरदूरच्या दवाखान्यांनी साध्या फोनवरून नंबर फिरवायचा, इथल्या मोडेमने, म्हणजे या पेटीने, तो उचलायचा आणि सर्व्हरने त्यांना इंटरनेटवर सोडायचं, असा घरचाच नवा धंदा होता. पहिला फोन आला आणि मोडेम असा काही किंचाळला की सासूबाईंच्या हातून कप सुटला. सुनेने समजावलं, दोन यंत्रं एकमेकांची ओळख करून घेतायत, याला हँडशेक म्हणतात, म्हणजे हात मिळवणं. थोरले दीर, म्हणजे कार्यालयाचे साहेब, पांढरेफटक पडले. हात कुणाचे, एवढंच त्यांनी विचारलं. त्या एका शब्दाने घात केला. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी बोलावलेले, यंत्रांतली भुतं उतरवणारे यंत्रबाबा दारात हजर.

बाबांचं निदान तयार होतं. तारेतून भटका आत्मा येतो आणि हात मागतो. ज्या हातांनी पेटी जागी केली ते हात दहा ते पाच तिच्यासमोर हवेत आणि दार बंद हवं. रोज अकराला एका दवाखान्याचा फोन यायचा, मग दिवसभर इतरांचे. पेटी किंचाळली की बाबा उजवा तळहात उगारत, ‘ओम् मोडेमाय, ओम् केबलाय’ असलं काहीबाही पुटपुटत आणि शेवटी म्हणत, "शांत हो." पेटी खरोखरच शांत व्हायची. लोक हात जोडायचे. साहेबांनी तर त्यांना स्वतःची केबिन देऊन टाकली होती.

आत नऊ दिवस गेले. खोलीला खिडकी नव्हती, यंत्रांच्या उबेने डोकं भणभणायचं, आणि पाणी हवं असलं तरी काचेवर टकटक करावी लागायची. तिने नवऱ्यापाशी गाऱ्हाणं केलं, तर तो म्हणाला की दादाच्या शब्दाबाहेर कसं जायचं, काढ थोडे दिवस. आज बाबा तिची ही बैठक कायमची करणार होते. सकाळी हे कानावर आलं तेव्हा ती मनातून पार घाबरली.

पण नऊ दिवस समोर दुसरं बघायला नसलं की माणूस नीट बघतो. बाबांचा उजवा हात सगळे पाहायचे. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायचा, तो तिने पाहिला. बाबा मोजत होते. बावीस झाले की ‘शांत हो’. मोडेमचा आवाज जोडणी होईपर्यंतच असतो, मग तो आपोआप बंद होतो. बाबांना तेवढं ठाऊक होतं. जोडणीनंतरही आवाज चालू ठेव, असं मोडेमला एका ओळीत सांगता येतं. ती ओळ तिने आज टाइप करून ठेवली होती.

अकरा वाजले. पेटी किंचाळली. बाबांनी हात उगारला, मंत्र म्हटला, हुकूम सोडला. पेटी खरखरतच राहिली. त्यांनी पुन्हा हुकूम सोडला, मग जरा विनवलं. काचेआडून सून मोठ्याने म्हणाली, "बाबा, बावीस कधीच झाले. पेरं संपली का?"

छापखान्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. बाबा म्हणाले, पोरीच्या मनात खोट आहे, आणि बोलता बोलता जिन्याकडे सरकले. सासूबाईंनी पुढे होऊन कडी काढली.

दवाखान्याचं काम संपून फोन बंद झाला. सुनेने टाइप केलेली ओळ बदलून आवाज पार बंद केला. पुढचा फोन आला तो हूं का चूं न करता जोडला गेला. दोघीतिघी तिच्या पायाशी वाकल्या. साहेबांचे डोळे चमकले.

"म्हणजे शक्ती तुझ्यातच आहे. मग तर आत तूच बसायला हवंस."

बाबा गेला होता, खोली तशीच होती. तिने सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, कुठली अक्षरं दाबायची ते दाखवलं. पुढच्या फोनला पेटी ओरडली आणि जोडणी होताच गप्प झाली. अक्षरं बदलून पुन्हा बघितलं, तर ओरडलीच नाही. सासूबाई आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग छापखान्यातल्या एकाने करून पाहिलं, त्यालाही जमलं.

"शक्ती कुणातच नाही, दादा," ती म्हणाली. "आवाज आला तर घाबरा हवं तर, पण कशाचा आहे ते विचारा. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. त्यासाठी माणसाला कोंडू नका."

साहेब पुटपुटले, बाबानेच सगळ्यांना फसवलं.

"फसवलं त्याने," ती गर्दीत उभ्या नवऱ्याकडे बघत म्हणाली. "कडी मात्र त्याने एकदाही लावली नाही. ती रोज घरचंच कुणीतरी लावत होतं."