रिळाच्या तोंडाशी ताई

ऑफिसात मला पाठीमागे ‘व्हिनेगर’ म्हणतात. मला ठाऊक आहे, बहिरी नाही मी. जुनी फिल्म कुजायला लागली की तिला तसाच आंबूस वास मारतो, आणि आमच्या चित्रपट-संग्रहालयाच्या तळघरात असली रिळं उलगडण्यात आणि गुंडाळण्यात माझा जन्म गेला. स्वभावही तसाच आहे म्हणा. तोंडावर मात्र सगळे ‘मावशी, मावशी’ करतात.

यंदा संग्रहालय लोकांसाठी खुलं करायचं ठरलं. कुलपात पडलेले चित्रपट संगणकावर चढवायचे, ज्याला हवं त्याने येऊन बघावं. चांगलंच आहे, कुलपात ठेवून त्यांचं काय लोणचं घालायचं होतं? पण आमच्या संचालिका बाईंनी फर्मान काढलं, की प्रत्येक रिळाच्या तोंडाशी असलेला जुना तुकडा कापून टाका. तो आकसलेला असतो, यंत्रात अडकतो. त्याच्या जागी कोरी पट्टी जोडायची आणि चित्रपट थेट नावापासून सुरू करायचा.

त्या तुकड्यात माझी ताई होती.

पूर्वी लॅबमध्ये चित्रपटाच्या प्रती काढायच्या आधी रंग नीट उतरतायत का हे तपासायचे. त्यासाठी एका बाईला रंगीत पट्ट्यांशेजारी बसवून तिच्या चेहऱ्याचं चित्रण करायचे आणि त्यातल्या चार-पाच चौकटी प्रत्येक रिळाला पुढून जोडायचे. चेहऱ्याचा रंग बरोबर आला, की बाकी सगळं बरोबर. थिएटरात हा भाग कुणी दाखवत नसे. ताई त्या लॅबमध्ये फिल्म जोडायच्या खोलीत कामाला होती. दगडासारखी न हलता बसायची, म्हणून तिलाच निवडलं. दरवर्षी नवं चित्रण व्हायचं. म्हणजे बघा, एवढे गाजलेले चित्रपट आणि सगळ्यांच्या पुढे आमची ताई, आणि तिला कुणी, कुणी म्हणजे कुणीच पाहिलेलं नाही.

आईवडील लवकर गेले. ताईनेच मला वाढवलं, आणि पुढे आम्ही दोघीच राहिलो ती शेवटपर्यंत. ती गेल्यावर घरात तिचा ओळखपत्रावरचा एक फोटो उरला, तोही डोळे मिटलेला. लॅब बंद पडून तिथली रिळं आमच्याकडे आली, तेव्हापासून मी डबा उघडला की आधी तिला बघायची. जगात तिचा चेहरा ओळखणारी मी एकटीच उरले होते. माझ्यामागे कोण?

सरळ बाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, “आधी माझं नाक कापा, मग ते तुकडे कापा.”

“मावशी, लोक चित्रपट बघायला येणार. पुढचा कचरा कोण बघतं?”

“कचरा नाही तो. माझी बहीण आहे.”

एवढं म्हटलं आणि मला रडू फुटलं. कुणापुढे नाही रडले कधी, आणि रडले कुणापुढे, तर माझ्याहून वीस वर्षांनी लहान साहेबिणीपुढे! बाईंनी दार लावून घेतलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मनाने वाईट नाहीत त्या, नुसत्या घाईत असतात. म्हणाल्या, “कापावे तर लागतीलच. पण टाकायचे नाहीत. तुम्हीच कापा, वर्षाप्रमाणे लावा. आपण दालनात भिंतीवर दाखवू.”

मी माझ्या हाताने कापले. प्रत्येक चेहरा संगणकावर जरा वेळ थांबवून धरला, नाहीतर डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपला असता. शेजारी पाटी लावली. तिच्यावर ताईचं नाव आणि खाली लॅबचं. माझी बहीण वगैरे काही लिहू दिलं नाही, लोकांनी कीव करायला नको. मला एवढंच हवं होतं, की कुणीतरी एकाने तरी म्हणावं, अरे, हिला मी ओळखतो.

उद्घाटनाच्या दिवशी ही गर्दी! मी भिंतीजवळ उभी. वर ताई यायची, एकेक वर्ष मोठी होत जायची, कपाळाशी पांढरे केस दिसायला लागायचे, मग पुन्हा तरुण. लोक हातात कागदी पेले घेऊन पुढून जात होते. एकीने विचारलं, “ही कोण नटी?” तिच्या नवऱ्याने पाटी वाचली, “नटी नाही गं, साधी कामगार आहे,” आणि दोघं पुढे गेली. एका पोराने तिच्यापुढे वेडावून फोटो काढला. त्याला मी असं काही झापलं, की त्याची आईच मला सॉरी म्हणाली.

दुपार उलटली. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून मघापासून मधोमध उभे होते. म्हटलं, “अहो, पुढे सरका, वाट अडतेय.”

ते हलले नाहीत. “ही बघा, आता येईल,” म्हणाले. “यात हसलीय ना, ती माझी चूक. तपासणीला हसरा चेहरा चालत नाही. साहेबांनी पुन्हा घ्यायला सांगितलं होतं. मी घेतलंच नाही.”

“तुम्ही?”

“कॅमेऱ्यामागे मी असायचो. दरवर्षी.”

ओळखणारा भेटला! मी त्यांचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं आणि अगदी हावरटासारखं विचारलं, “हसली का पण ती?”

“त्या वर्षी मी तिला लग्नाचं विचारलं. तिथेच, दिवे लावल्यावर.” म्हातारे लाजले. “हो म्हणाली. पण म्हणाली, धाकट्या बहिणीचं एकदा होऊन जाऊ दे, मग कळवते. मग दरवर्षी ती खुर्चीत येऊन बसली, की मी नुसतं बघायचो. ती मानेनेच सांगायची, अजून नाही. पुढे लॅब बंद झाली. घरच्यांनी माझं लावून दिलं. तुम्ही इथल्याच, तुम्हाला ठाऊक असेल. झालं का हो त्या धाकटीचं?”

मला स्थळं आली नव्हती असं नाही. ताईच आणायची, एकाहून एक चांगली. मीच नाकं मुरडायची. एक बुटका, एक बोलघेवडा, एकाची आई खाष्ट. खरं कारण मी तिला कधी सांगितलं नाही. मी गेले तर ही घरात एकटी पडेल, हे माझ्याच्याने बघवणार नव्हतं.

“झालं,” मी म्हटलं. “चांगलं घर मिळालं तिला.” म्हाताऱ्या जिवाला कशाला त्रास, असं वाटलं.

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. “झालं होय,” म्हणाले. “मग तिने कळवलं नाही मला.”

माझी जीभच झडली असती तर बरं. “नाही हो, खोटं बोलले मी,” म्हटलं. “नाही झालं. ती धाकटी मीच. तशीच राहिले.”

हळूहळू त्यांचा चेहरा खुलला, इतका, की मला त्यांचा राग आला. “म्हणजे विसरली नव्हती,” ते म्हणाले. “शब्दाची पक्की होती.”

“पक्की होती,” मी म्हटलं.

गाडी दाराशी आली म्हणून त्यांची सून न्यायला आली. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी दालन बंद करून घरी गेले. वाटेत मी ताईशी जोरजोरात भांडत होते, अगं बोलायचं नाही का, तोंड शिवलं होतं का तुझं, आणि ती म्हणत होती, तू तरी कुठे बोललीस? दाराशी आल्यावर मी सवयीने बेल दाबली.