माझं पाचवं वळण

मी एक जुनी वाट आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर फार दमले आहे. ब्रेडे नदीच्या खोऱ्यात, द्राक्षमळ्यांच्या वरच्या टेकडीवर मी नागमोडी पडून आहे. पडून आहे म्हणून मला आळशी समजू नका. माझ्या पाठीवरून कितीतरी वर्षं सायकली धावल्या आहेत.

माझा जन्म काही मुहूर्त पाहून झाला नाही. वरच्या मळ्यात द्राक्षं तोडायला जाणाऱ्या बायकांनी मला तुडवून तुडवून तयार केलं. फेब्रुवारीत ऊन चढायच्या आत त्या डोक्याला फडकी बांधून, एकमेकींच्या सासवांची नक्कल करत वर जायच्या. त्यांचं मला कधी ओझं वाटलं नाही. पुढे ट्रॅक्टरचा रस्ता झाला, बायका ट्रेलरमध्ये बसून जाऊ लागल्या आणि मला विसरल्या. मग माझ्यावरून चालायची ती फक्त बबून माकडं, तेही चोरलेला घड तोंडात धरून.

मला पुन्हा माणसांत आणलं ते उम फ्लोर्स यानुआरी यांनी. उम म्हणजे आमच्याकडे काका. सगळं आयुष्य त्यांनी वेलींची छाटणी केली होती. मळ्याच्या धाकट्या मालकाला, रियानला, डोंगरात सायकल पळवायचा नाद लागला आणि त्याने सायकलवाल्यांसाठी वाट बांधायचं काम उमांवर सोपवलं. उमांना सायकल येत नव्हती, आजही येत नाही. पण पाणी कसं वाहतं हे त्यांना कळत होतं. आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. पहिला अख्खा हिवाळा ते भर पावसात उतारावर नुसते उभे राहून पाण्याकडे बघत होते. लोक म्हणाले, म्हातारा कामचुकार आहे.

मग त्यांनी टिकाव उचलला. पाणी माझ्यावर साचू नये म्हणून त्यांनी मला दरीच्या बाजूला जरा कलतं ठेवलं. आणि चार लहान वळणांनंतर पाचवं मोठं वळण दिलं. तिथे मी लांबचा वळसा घालून घळीकडे जात असे. सरळ गेले असते तर लवकर पोचले असते, पण सरळ खाली मजुरांच्या घरांची ओळ आहे आणि त्यातलं पहिलं घर उमांचं आहे. वळण असेल तर पाणी घळीत जाणार, नसेल तर उमांच्या स्वयंपाकघरात. इतकी साधी गोष्ट होती ती.

उमांची बायको आंटी सान्ना मला सवत म्हणायची. उमांनी फावडं खांद्यावर टाकलं की ती दारातून विचारायची, "निघालास दुसरीकडे? तिला सांग, तुझ्या विजारीही आता तिनेच धुवायच्या." उम नुसते हसायचे. दुपारी मात्र तीच निखाऱ्यावर भाजलेला पाव आणि कॉफी घेऊन वर यायची आणि माझ्याच कडेला बसून आपले पाय चोळायची.

माझं कौतुकही पुष्कळ झालं. शहरातून लोक आले, दर सप्टेंबरात शर्यत होऊ लागली, एका मासिकात माझा फोटो छापून आला. फोटोत रियान होता, त्याची नवी सायकल होती. उमांचं फावडं कोपऱ्यात अर्धवट दिसत होतं. आंटीने तो फोटो भिंतीवर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत राहिली, "हे फावडं ना, ते आमचं."

पाऊस पडून गेला की उम अनवाणी यायचे आणि माझ्या अंगावर टाच रोवायचे. टाच उमटली तर वाट बंद. मग फाटकाला आंटीचं जुनं लाल फडकं बांधलेलं दिसायचं. टाच उमटेनाशी होईपर्यंत ते सोडायचं नाही, असा नियम होता. ते दिवस मला फार आवडायचे. नुसतं वाळत पडून राहायचं.

पण हळूहळू ते फडकं कोणी जुमानेनासं झालं. लोकांच्या मोबाइलमध्ये वेळ मोजला जाऊ लागला, सगळ्यांत वेगवान कोण त्याची यादी लागू लागली. एके दिवशी कोणीतरी पाचव्या वळणाला वळसा न घेता झुडपं चिरडत सरळ खाली गेलं. त्याचे चार सेकंद वाचले. यादीत त्याचं नाव वर गेलं आणि मग काय, मेंढरामागे मेंढरं. उमांनी तिथे दगड रचले, ते हटवले गेले. त्यांनी फांद्या आडव्या टाकल्या, त्याही कोणी बाजूला केल्या. उमांचे गुडघे आता कुरकुरत होते. वळणावर गवत वाढलं आणि चाकांनी पाडलेल्या त्या सरळ चरात माझी माती रोज थोडी थोडी खाली जात राहिली. मला सगळं कळत होतं. वाटेला बोलता येत नाही, हेच तिचं दुखणं.

जुलैत, ऐन हिवाळ्यात, सलग तीन दिवस पाऊस लागला. पाणी वळणापर्यंत आलं, त्याला सोपा चर दिसला आणि ते त्यात घुसलं. मी थांबवू शकले नाही. उलट माझीच माती घेऊन ते खाली गेलं.

सकाळी रियान धावत उमांच्या घरी आला तेव्हा स्वयंपाकघरात घोट्याएवढा चिखल होता. मागची भिंत फुगली होती. आंटी फावड्याने चिखल बाहेर ओढत होती.

"बघ फ्लोर्स," ती म्हणाली, "तुझी दुसरी शेवटी घरात शिरलीच. तीही पाय न धुता."

पण या वेळी ती उमांकडे न बघता चिखल ओढत राहिली. उमांनी फुगलेल्या भिंतीवर हात ठेवून पाहिला. ते रियानला घेऊन वर आले, माझ्यापाशी.

"धाकटे मालक, हा चर पहिल्यांदा कोणी पाडला?"

रियानने मान खाली घातली. मग म्हणाला, "मीच, उम. यादीत अजून माझंच नाव वर आहे."

मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उमांना नव्हतं. ते हळूच दगडावर बसले.

"रियान, बूट काढ," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला नुसत्या नावाने कधी हाक मारली नव्हती. "रोव टाच."

रियानचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"त्या चार सेकंदांचं काय केलंस रे?"

रियानने चिखलातून पाय उपसला. तो म्हणाला, "भिंत मी बांधून देतो. वळणही नीट करू. सप्टेंबरची शर्यत—"

"भिंत बांध. वळण आता धरणार नाही, त्याच्याखालची मातीच गेली. इथून खाली वाट बंद, गवत धरेपर्यंत. मग चार वर्षं लागोत नाहीतर दहा. खाली माझी बायको राहते."

मित्रांनो, ज्या टिकावाने मला घडवलं, त्याच टिकावाने उमांनी मला फोडलं. घट्ट झालेली पाठ उकरली, दर चार पावलांवर आडवे दगड पुरले, गवताचं बी टाकलं. दोन वर्षांचं काम त्यांनी पाच दिवसांत मोडलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला ते थांबत नव्हते. काटेरी फांद्या रियानने वाहून आणल्या, हात रक्ताळेपर्यंत. ती शर्यत झाली नाही. मला मात्र दुखलं नाही. कित्येक वर्षांनी कोणीतरी माझ्या पाठीवरचा भार उतरवत होतं.

तुमच्याकडेही कुठेतरी वाटेवर आडव्या टाकलेल्या काटेरी फांद्या दिसतील. त्या ओलांडू नका, बाजूला करू नका. खाली कोणाचं घर आहे, ते तुम्हाला वरून दिसणार नाही. लांबून जा. थोडा उशीर होईल, होऊ द्या.

शेवटच्या दिवशी आंटी कॉफी घेऊन वर आली. उमांच्या शेजारी टेकली आणि फांद्यांकडे बघत राहिली.

"झोपली वाटतं तुझी दुसरी," ती म्हणाली.

"झोपू दे," उम म्हणाले. "दमली आहे."

आंटीने डोक्याचं लाल फडकं सोडलं आणि सगळ्यांत वरच्या फांदीला बांधलं.