तुळसाला माणूस कळतो

सातव्या गुणसूत्राचा एक बारीकसा तुकडा तुळसाकडे जन्मापासूनच नाही, हे मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या आईला, उज्वलाला, चित्र काढून समजावलं होतं. मेंदूतला चेहरे बघणारा भाग हिचा फार हौसेनं काम करतो. पण अनोळखी चेहरा दिसला की जी धास्ती वाटायला हवी, ती हिला जवळजवळ वाटतच नाही. विल्यम्स सिंड्रोम म्हणतात त्याला. दर सोमवारी महाडला एका बाईंकडे न्या, आपलं कोण, परकं कोण, हे त्या शिकवतील. तोवर पोरीला नजरेआड करू नका.

उज्वला बी.एस्सी. झालेली. पोलादपूरला परतल्यावर तिनं हे सगळं सासूला नीट सांगितलं.

"तुकडा गहाळ?" सगुणाबाई म्हणाल्या. "आमच्या घराण्यातलं आजवर काय गहाळ झालेलं नाय. तुझ्या माहेरी शोध."

नवरा सुनील समंजस होता. म्हणजे ओटीवर तो आईला समजून घ्यायचा आणि खोलीत बायकोला. महाडची शिकवणी राहिली ती राहिलीच.

सगुणाबाईंचं निदान वेगळं होतं. चार वर्षांची पोर समोरच्याच्या चेहऱ्याकडं टक लावून बघते, मग गळ्यात पडून "तू छान आहेस" म्हणते. माणसं पारखणाऱ्या पणजीचं नाव ठेवलंय, उगाच नाही. पोरीला माणूस कळतो! सिलिंडरवाल्याच्या गळ्यात पडली, तो चांगला. मीटर बघायला आलेल्याच्या गळ्यात पडली, तोही चांगला. दागिने उजळून देणाऱ्याच्या मांडीवर ती तासभर बसली आणि तो सगुणाबाईंची बोरमाळ घेऊन पसार झाला, तेव्हा पोरीला जरा कणकण होती, असं ठरलं.

"आई, ती कुणाकडं गेली नाही, असं एकदा तरी झालंय का?"

"अगो, आपल्याकडं माणसंच चांगली येतात. त्याला ती काय करील?"

याच शास्त्रावर परवा नणंदेचं, गौतमीचं, लग्न जमायला आलं. तुडीलचा सूरज तिला बघायला आला, सोबत पाच माणसं. गौतमी पोहे घेऊन आली, पण तिच्याकडं बघतंय कोण? सगुणाबाईंनी तुळसाला मधोमध सोडली होती. ती सूरजच्या मांडीवर चढली, त्याच्या नाकाशी नाक नेऊन म्हणाली, "तू छान आहेस."

"जमलं!" सगुणाबाईंनी जाहीर केलं.

मग तुळसा सूरजच्या काकांकडं गेली, मामांकडं गेली. उज्वलाचा एक डोळा पोरीवर, एक चहावर. चहा उतू गेला. गॅस बंद करून ती बाहेर आली तोवर घरातल्या मांड्या संपल्या होत्या, आणि तुळसा नव्हती.

ओटीवर नाही, परसात नाही. उज्वला अनवाणीच महामार्गापर्यंत धावली. कशेडी घाटाकडं ट्रकमागून ट्रक चालले होते. प्रत्येक काचेमागं तिला पोरीचा चेहरा दिसत होता. एकही चेहरा घाबरलेला नव्हता, आणि तिला भीती त्याचीच होती.

पाऊण तासानं महाडचा मुश्ताक टेम्पो घेऊन दारात आला. मघाशी पाहुण्यांसाठी थंडा देऊन गेलेला तोच. तुळसा त्याच्या शेजारी बसून गात होती.

"ताई, महाड यायला आलं तेव्हा मागनं गाणं ऐकू आलं. बघतो तर ही क्रेटांत बसलेली!" मुश्ताक भडकला होता. "मला म्हणते, तू छान आहेस. दुसऱ्या कुणाच्या गाडीत चढली असती म्हणजे?"

"कशी चढेल?" सगुणाबाईंनी जमलेल्या आळीला विचारलं. "बघा, चढली तीही देवमाणसाच्या गाडीत! पोरीला माणूस कळतो तो असा."

आळीनं माना डोलावल्या. सुनीलनं आधी आईकडं बघून डोलावली, मग बायकोकडं बघून.

उज्वला रडणार होती, पण तिला कुंपणापाशी शेजारच्या गीताबाई दिसल्या. बांधावरच्या फणसापायी सगुणाबाई अकरा वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हत्या, आणि गीताबाईएवढी कपटी बाई अख्ख्या तालुक्यात नाही, हे त्या रोज कुंपणापलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं सांगत.

"गीताकाकू, जरा आत या. हिला हाक मारा."

आळी कुंपणाकडं वळली. गीताबाई पदर सावरत अंगणात आल्या.

"ये गो बाय."

तुळसा धावत सुटली. तिनं गीताबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोळे भरून पाहिला आणि गळ्यात पडली. "तू छान आहेस. तू खूप खूप छान आहेस."

"खरंच हो सगुणाबाई," गीताबाई गोड आवाजात म्हणाल्या, "पोरीला माणूस कळतो."

सगळ्यांच्या नजरा सगुणाबाईंवर. त्यांनी गीताबाईंकडं पाहिलं, नातीकडं पाहिलं. गीताबाईंचं कपट किंवा नातीची पारख, दोन्हींतलं एक सोडावं लागणार होतं.

"सुनील," त्या घसा खाकरून म्हणाल्या, "पोरीला महाडला न्यायला लागा. काय तरी बिघाड हाय तिच्यात."

"म्हणजे माझं पण नव्यानं बघायचं ना?" गौतमी म्हणाली. "या वेळी मी बघते." सूरजला हसू आवरेना.

बिघाड हा शब्द उज्वलाच्या काळजात घुसला. एरवी ती भांडली असती. आता तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि एवढंच विचारलं, "सोमवारी किती वाजता निघू, आई?"