एकाच कागदावर

"आजोबा, तुम्हाला कधी भीती वाटलीय का हो?"

हा प्रश्न विचारायची पैज सलोनीनं लावली होती. आम्ही दहावी 'ब'च्या सहा मुली राख्या बांधायला रावेतजवळच्या माजी सैनिक निवासात गेलो होतो. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. जुलैत वक्तृत्वात पहिली आले आणि तेव्हापासून माझं तोंड मिटतच नाही, असं आई म्हणते. त्यामुळे पैज मी लगेच घेतली.

तिसऱ्या मजल्यावरच्या अर्जुनरावांचा डावा पाय सुरुंगात गुडघ्याखाली गेलेला. त्यांनी राखीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वाटलीय न्हाई पोरी, वाटतीया. रोज. ह्या जिन्याची."

सलोनी फिसकन हसली. मी हसणारच होते, पण ते हसत नव्हते.

लिफ्ट जानेवारीपासून बंद होती. सात महिने त्यांचा पाय जमिनीला लागला नव्हता. तळमजल्यावरच्या दोन मोठ्या खोल्या मात्र कुलपात. पाहुण्यांसाठी! वर्षातून एकदा कुणीतरी साहेब येतात, चहा पितात, फोटो काढतात आणि जातात.

"मग तक्रार करा ना!" मी म्हणाले.

"केलीय की," शेजारच्या खाटेवरून सोपानराव बोलले. तोफखान्यातले निवृत्त सुभेदार. त्यांनी उशाखालून फाईल काढली. निवासात एकवीस जण राहायचे आणि फाईलमध्ये एकवीस अर्ज होते. मजकूर तोच, अक्षर वेगवेगळं. उत्तरंही एकवीस, सगळी टाईप केलेली: आपली वैयक्तिक तक्रार विचाराधीन आहे. आमदारांच्या कार्यालयानं तर लिहिलं होतं, वैयक्तिक तक्रारींसाठी निवासाच्या व्यवस्थापनाला भेटावं. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांनाच भेटा!

"अहो, मग एकच अर्ज करा ना सगळ्यांनी मिळून! विधानभवनात अशा अर्जांसाठी समिती असते. भाषणासाठी वाचलं होतं मी."

सोपानरावांनी फाईल मिटून परत उशाखाली सारली. म्हणाले, "फौजेत दोघांनी मिळून तक्रार लिहिली की तिला तक्रार म्हणत न्हाईत. बंड म्हणत्यात. अठ्ठावीस वर्षं हेच शिकलो, हेच शिकवलं."

"पण तुम्ही आता फौजेत नाही."

"ते तू मला सांगितलंस. ह्या हाताला कोण सांगणार?"

मी काही सोडणारी नव्हते. दर रविवारी जायला लागले. अर्ज मीच लिहिला: रहिवाशांची समिती असावी, तिचं म्हणणं लोकप्रतिनिधींनी थेट ऐकावं, आणि सगळ्यात आधी लिफ्ट. खाली सह्यांची जागा कोरीच राहिली. अर्जुनराव तयार होते, पण म्हणाले, "वरचं पहिलं नाव कुणाचं? पहिल्या नावालाच धरत्यात." बाकीचे खिडकीबाहेर बघत बसायचे. मी त्यांना चिडवायचे, "शत्रूला घाबरला नाहीत, कागदाला घाबरता?" ते हसायचे. आता ते आठवलं की मला लाज वाटते.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी, सकाळी सव्वानऊला माझ्यासमोरच अर्जुनरावांनी छाती धरली. रुग्णवाहिका अकरा मिनिटांत आली. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना. मग चादर आणली. रुग्णवाहिकेचे दोघं, निवासातले तिघं म्हातारे. मी त्यांची कुबडी धरून पुढे. कुबडी कशाला घेतली होती कोण जाणे.

दुसऱ्या मजल्यावर सोपानरावांना चादर पेलवेना. ते पायरीवर बसले.

"थांबा जरा," चादरीतून अर्जुनराव म्हणाले. "माणसं दमली."

पुन्हा उचललं तेव्हा ते बोलत नव्हते. तळमजल्यावर पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहाला दहा कमी होते. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी तपासलं आणि चादर वर ओढली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून मी थेट तिकडे गेले. सोपानरावांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि सगळ्यात वर स्वतःचं नाव लिहिलं, हुद्द्यासकट. मग तो खाटेखाटेवरून फिरला. एकांना पेन धरता येत नव्हतं, त्यांनी अंगठा दिला. वीस झाले.

डिसेंबरात विधानभवनातल्या समितीनं त्या अर्जावर निवासाच्या व्यवस्थापनाचा खुलासा मागवला. त्याची प्रत सोपानरावांनी मला वाचायला दिली. त्यात लिहिलं होतं: घटनेच्या दिवशी लिफ्ट सुरू होती. अर्जदार अतिवृद्ध असून त्यांच्या स्मरणशक्तीवर विसंबता येत नाही. अर्ज बाहेरच्या एका शाळकरी मुलीच्या चिथावणीने झाला आहे.

"एकवीस होतो तवा एकेक जण येडा होता," सोपानराव म्हणाले. "आता वीस मिळून एकच येडा."

"मी बोलते ना तुमच्या वतीनं! मी सांगते त्यांना..."

"न्हाई. आमचं आमी बोलू. तू फक्त त्या दिवशी काय बघितलंस तेवढं लिहून दे. आन् ते बी घरी विचारून."

घरी आले तर व्यवस्थापकांचा फोन आधीच येऊन गेला होता. पप्पा सेकंड शिफ्टला गेलेच नव्हते.

"शाळेला कळवू म्हणालेत," आई म्हणाली. "बोर्डाचं वर्ष आहे गं. तुझी त्यात सहीपण नाही. राहा ना बाजूला."

पप्पांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "महाळुंग्याची कंपनी मी सोडली, असं तुला सांगितलं होतं. सोडली नव्हती. आम्ही अकरा जणांनी एक अर्ज दिला होता, हात आत जाऊ नयेत म्हणून मशीनला जाळीचं गार्ड बसवा, असा. पुढच्या महिन्यात अकराही जणांना गेटवरूनच परत पाठवलं."

"गार्ड बसवलं?"

"नाही."

मला रडू येत होतं, आणि पहिल्यांदाच कुठलं वाक्य आधी बोलावं ते सुचत नव्हतं. आईनं भाकरी माझ्या ताटात ठेवली आणि हात तसाच ताटाच्या कडेवर राहू दिला.

"मी लिहून देणार आहे," मी म्हणाले. "सव्वानऊपासून दहाला दहापर्यंत जे बघितलं तेवढंच. समितीनं बोलावलं तर मुंबईला जाणार, पूर्वपरीक्षेचा पेपर असला तरी जाणार. आणि पप्पा, खाली पूर्ण नाव लिहावं लागतं. वर्षाली नवनाथ घोलप. तुमचं नाव मी गाळणार नाही."