खुर्चीतली बाई

कॅमेरेवाल्याने शिडीवर चढून ड्रिलचं टोक भिंतीला टेकवलं, तोच बाईंनी खुर्चीतून उठून प्लगच उपटला.

"लाइट गेली वाटतं," तो शिडीवरून म्हणाला.

"लाइट जागच्या जागी आहे. मी काढलाय प्लग. भोक पाडायच्या आधी एवढं सांगा, इथून तुमचा कॅमेरा बघणार काय?"

"अख्खी खोली बघणार, आजी."

"आजी तुमच्या घरी. समोर एवढी थोरली खिडकी आहे, सकाळचं ऊन थेट त्याच्या डोळ्यात जाणार. मग खुर्चीत मी बसले काय आणि कोळशाचं पोतं ठेवलं काय, तुम्हाला सारखंच दिसेल."

कॅमेरेवाल्याने खिडकीकडे पाहिलं, हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने खाली उतरला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की ह्या बाईंनी ह्याच घराच्या पुढच्या भागात बेचाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला होता! शाळेच्या ओळखपत्रापासून लग्नाच्या अल्बमपर्यंत अर्धं गाव त्यांच्या भिंगासमोर हनुवटी खाली करून बसलं होतं. लोक अजून त्यांना फोटोवाल्या बाईच म्हणत. स्टुडिओचं शटर दोन वर्षांपूर्वी पडलं, पण डोळा काही निवृत्त झाला नव्हता.

टेबलापाशी त्यांचा मुलगा दोन रंगीत माहितीपत्रकं पसरून बसला होता. तो आत आला तेव्हा नेहमीसारखाच हसत आला होता, "काय म्हणतेस, आई?" असं मोठ्याने म्हणत. आता मात्र त्याच्या कपाळावर आठ्या होत्या.

"आई, हा चार कॅमेऱ्यांचा संच आणि हा सहांचा. तुला कुठला हवा तो घे. निवड तुझी."

"म्हणजे सुरी कुठली हवी, एवढंच कोंबडीला विचारायचं."

"आपलं ठरलंय ना? घरात कॅमेरे, नाहीतर तू आमच्याकडे. तिसरी वाट नाही."

ठरलं होतं, म्हणजे त्याने ठरवलं होतं. तीन महिन्यांपूर्वी बाई स्टुलावर चढून बल्ब बदलत होत्या. स्टूल कलंडलं, मनगट मोडलं आणि दीड तास त्या स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून राहिल्या. समोरच्या घरातली नर्स सहज डोकावली म्हणून बरं. मनगट जुळून आलं, पण तेव्हापासून मुलाने एकच धोशा लावला होता. त्याच्याकडे जायचं म्हणजे नवव्या मजल्यावरची एक खोली, सून चांगली, नातू गोड, सगळं खरं. पण ह्या घराला कुलूप. ह्या घरात त्यांची डार्करूम होती, ओळखीचा उजेड होता, कोणत्या खिडकीत किती वाजता ऊन येतं ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. इथून हलायचं म्हणजे आपण संपलो, असंच त्यांना वाटत होतं.

"बरं, आणि हे सगळे कॅमेरे आत का?" त्यांनी विचारलं. "चोर येणार दारातून आणि कॅमेरा रोखलाय माझ्या पलंगावर. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"चोराची भीती नाहीये मला," मुलगा खाली बघत म्हणाला.

त्या आवाजाने बाई जरा नरमल्या. मग कॅमेरेवाल्याकडे वळून म्हणाल्या, "मी पडले, तर हा कॅमेरा कोणाला सांगेल?"

"हालचाल झाली की लगेच फोनवर निरोप जातो, आजी... म्हणजे, बाई."

"आणि हालचाल झालीच नाही तर?"

कॅमेरेवाल्याने मान खाजवली. "तर निरोप कशाला जाईल?"

बाईंनी मुलाकडे पाहिलं. तो माहितीपत्रकात डोकं घालून बसला होता. ह्याला आत्ता सांगून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं. गिऱ्हाईकाला तोंडाने सांगितलं की पटत नाही, फोटो हातात द्यावा लागतो.

"आठ दिवस वापरून बघू," त्या म्हणाल्या. "भिंतीला भोक नाही. माझे दिव्यांचे स्टँड पडून आहेत, त्यांवर बसवा चार. आठव्या दिवशी काय घ्यायचं ते मी सांगेन. तुला पटलं नाही, तर सामान बांधते. तुझ्याकडे येते आणि पुन्हा तोंडातून ब्र काढत नाही."

मुलाने एवढ्या सहज मिळालेल्या शब्दाकडे जरा संशयानेच पाहिलं, पण हात पुढे केला. हॉलमधला कॅमेरा बाईंनी स्वतः खिडकीकडे पाठ करून लावून दिला. कॅमेरेवाला बघत राहिला.

पहिल्या दिवशी अकरा फोन आले. "आई, दूध बघ, वर येतंय." "आई, चष्मा फ्रीजवर आहे, खालच्या कपाटात काय शोधतेस?" "आई, एवढं मीठ?" ऑफिसात बसून हा उंटावरून शेळ्या हाकत होता. बाईंना स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वाटायला लागलं. ताठ बसायच्या, हळू जांभई द्यायच्या. कपडे बदलायला आणि मनसोक्त बडबडायला त्या डार्करूममध्ये जात, कारण तिथे कॅमेरा लावायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आयुष्यभर लोकांना त्या म्हणत आल्या होत्या, "सैल बसा, कॅमेरा नाहीच असं समजा." काय बोलत होतो आपण, असं आता त्यांच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सहा फोन आले, तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी एकही नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे चारच पुरले. बाईंना नवल वाटलं नाही. लग्नाचा अल्बमही लोक चारच दिवस बघतात, पुढे तो कपाटात जातो. त्यात प्रेम कमी झालेलं नसतं, आहे ना तिथे एवढं पुरतं.

पाचव्या दिवशी मुलगा ऑफिसात पोचला असेल अशा वेळी, कॅमेऱ्यांचे प्लग काढून, त्यांनी जुनी पेटी उघडली. तिवई काढली, कॅमेरा काढला, भिंग पुसलं. हॉलमधल्या स्टँडच्या बरोबर शेजारी, तेवढ्याच उंचीवर तिवई उभी केली. टायमर लावला आणि खुर्चीत जाऊन बसल्या, मांडीवर शाल, हातात उघडं पुस्तक, मान जरा कलती. फोटो दहा वेळा काढला. नवव्यात हवी तशी डुलकी आली. अर्ध्या तासाने कॅमेरे पुन्हा चालू केले. कोणाचाही फोन आला नाही.

दुपारी त्या मोठ्या पाट्या छापणाऱ्याकडे गेल्या. फोटो हवा होता खुर्चीसकट, अंगाच्या मापाचा.

"एवढा मोठा? कशाला, बाई?" छपाईवाल्याने विचारलं.

"पोराला भेट द्यायचीय."

सहाव्या दिवशी संध्याकाळी, जेवणाआधीच्या तासाभरात, डार्करूमच्या टेबलावर त्यांनी तो कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवला आणि पात्याने कडा कापायला घेतल्या. केसांच्या कडेला आल्यावर त्यांनी श्वास रोखला. मोडून जुळलेलं मनगट. पातं एकदाही घसरलं नाही. शेवटचा तुकडा खाली पडला तेव्हा बाई एकट्याच मोठ्याने हसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना आपण म्हाताऱ्या आहोत हे आठवलं नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी, मुलगा गाडी चालवत असतो त्या वेळेला, त्यांनी खरी खुर्ची हलवून पुठ्ठ्याची तिच्या जागी उभी केली. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने बाहेर पडल्या. दुपारपर्यंत नर्सच्या घरी बसून गप्पा मारल्या, झोप काढली. दुपारी तीनला रिक्षा करून त्या मुलाच्या ऑफिसात पोचल्या.

मुलगा त्यांना दारात बघून उभाच राहिला.

"आई? तू... काय झालं?"

"काही नाही. इकडून चालले होते. घरी सगळं ठीक आहे ना, बघ बरं जरा."

"घरी?" तो गोंधळला. "घरी कोण आहे?"

"बघ तर खरं."

त्याने फोन काढला. बाई टेबलाच्या अलीकडे उभ्या होत्या आणि फोनमध्ये त्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर शाल, मान कलती. मुलाने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा आईकडे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी उठून मागे आला आणि त्याने तो फोन हातात घेऊन दिवसभराचं चित्रण उलटं चालवायला सुरुवात केली. दोन वाजता बाई खुर्चीत. बारा वाजता बाई खुर्चीत. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बाई स्वतःला काखेत मारून हॉलमध्ये येत होत्या. स्वतःला उभं करून त्यांनी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, जरा सरळ केलं, आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला.

सहकारी खो खो हसत सुटला. "अहो, तुमच्या आईंनी तर पार धूळ चारली तुम्हाला!"

मुलगा हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी दोनदा बघितलं," तो हळूच म्हणाला. "साडेअकराला आणि जेवताना. म्हटलं, आई बसलीय निवांत."

"हो ना."

"सहा तास तू हलली नव्हतीस."

 बाईंनी एवढी मोठी बाजी मारली होती, टाळ्या पिटाव्यात असं मनात होतं, आणि पोराचा चेहरा बघून त्यांना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. ऑफिसात कसं घेणार? त्यांनी त्याच्या शर्टाची कॉलर तेवढी नीट केली.

आठव्या दिवशी निवड झाली. कॅमेरेवाल्याला समोर बसवून बाईंनी एकेक गोष्ट मागितली. एक, मनगटावर बांधायची कळ. दाबली की मुलाचा, सुनेचा आणि समोरच्या नर्सचा फोन एकदम वाजेल. पाण्यात चालते का, हे त्यांनी ती तिथेच बादलीत बुडवून पाहिलं. नर्सशी ठरलंच होतं, सकाळी सातपर्यंत हॉलचा पडदा उघडला नाही तर तिने किल्ली घेऊन यायचं. आणि कॅमेरा एकच, बाहेर, पुढच्या दारावर.

"आणि तो दिसणार कोणाच्या फोनवर?" कॅमेरेवाल्याने विचारलं.

"माझ्या. घर माझं, दार माझं. कोण येतं ते मी बघणार."

त्याने मुलाकडे पाहिलं. मुलाने मान डोलावली. "आई सांगतेय तसं करा." मग आईकडे वळून म्हणाला, "हरलो. पण कळ हातातून काढायची नाही."

"अंघोळीलासुद्धा नाही," बाई म्हणाल्या आणि मनगट वर करून दाखवलं.

दारावर भोक कुठे पाडायचं तेही त्यांनीच सांगितलं. माणसाच्या टाळूचा फोटो काढून काय करायचंय, चेहरा दिसला पाहिजे म्हणून कॅमेरा खाली घ्यायला लावला. जाताना कॅमेरेवाला उंबऱ्यापाशी घुटमळला. "बाई, शनिवारी एका बंगल्याचं काम आहे. नुसतं येऊन जागा दाखवाल का? मेहनताना देईन." बाईंनी विचार करून सांगते म्हटलं, आणि दार लावून घेऊन त्याच पावली पेटीतली तिवई काढून पुसायला बसल्या.

पुढच्या गुरुवारी दुपारी फोन टुणकन वाजला. दारात कोणीतरी आलं होतं. बाईंनी चष्मा लावून पाहिलं. मुलगा होता. गुरुवारी तो कधी येत नसे.

बेल वाजली नाही. तो पायरीवर बसला. पाठ भिंतीला टेकली, डोळे मिटले. दारावर त्यानेच पैसे भरून कॅमेरा बसवलाय हे त्याच्या गावीही नव्हतं. बाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. डोळ्यांखाली काळं होतं. गालफडं बसली होती. हे एका दिवसाचं जागरण नव्हतं, तीन महिन्यांचं होतं. दर रविवारी हा हसत आत येत होता आणि बेचाळीस वर्षं चेहरे वाचलेल्या आपल्याला हे दिसलं नाही, म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

चार-पाच मिनिटांनी तो उठला. केसांवरून हात फिरवला, खांदे मागे घेतले आणि बंद दारासमोर उभा राहून तोंडावर हसू आणलं. ते हसू बाई चांगलं ओळखत होत्या. "हं, हसा" म्हटल्यावर लोक आणतात ते. त्याचं बोट बेलकडे गेलं.

बाईंनी फोनवरचं बोलायचं बटण दाबलं.

"हसू नकोस रे, फोटो काढत नाहीये मी. तसाच आत ये."

मुलगा दचकला. त्याने समोरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि तोंडावरचं हसू गळून पडलं. बाई तोवर कडी काढायला निघाल्या होत्या.